गाऱ्हाण्याचा पुरावा

वर्णभेद करणारा मनुष्य आपल्या कृत्याची नोंद ठेवीत नाही. ज्याला नोकरी नाकारावयाची त्यास तो "जागा भरली" असे सांगतो. ज्याला खोली नाकारावयाची त्यास "कालच एका गृहस्थाने विसार दिला" असे सांगून दार लावून घेतो. दाराबाहेर उभा असलेला मनुष्य खरे कारण मनोमन ओळखतो. परंतु न्यायासनासमोर मनाची ओळख उपयोगी पडत नाही. तेथे पुरावा लागतो. वकिलीच्या व्यवसायात या अडचणीशी आमची नित्य गाठ पडते. अशिलाचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे हे ठाऊक असूनही, "हे सिद्ध कसे करावयाचे?" या प्रश्नापाशी आम्हास थांबावे लागते. म्हणून नाना वंशांची माणसे एकत्र नांदणाऱ्या ब्रिटनसारख्या देशाने गेल्या साठ वर्षांत ही अडचण कशी हाताळली, याचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. इंग्रज लोक आम्हांहून अधिक न्यायप्रिय आहेत अशी आमची यत्किंचितही समजूत नाही. त्यांनी जे केले ते बऱ्याच अंशी लाजेकाजेस्तव केले, आणि जेथे लाज आड आली नाही तेथे केलेही नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजुरांची निकड होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यान्वये वसाहतींतील प्रजेस तेथे येऊन राहण्याची मोकळीक होती, व त्याच वर्षीच्या जून महिन्यात 'एम्पायर विंड्रश' हे जहाज वेस्ट इंडीजमधील शेकडो माणसे घेऊन टिलबरीच्या धक्क्यास लागले. पाठोपाठ पंजाबातून, गुजरातेतून व पाकिस्तानातून माणसे गेली. बसगाड्या, रुग्णालये व ओतकामाचे कारखाने यांना ही माणसे हवी होती. शेजारी म्हणून मात्र ती कोणास नको होती. भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांत 'काळ्यांस जागा नाही' अशा अर्थाच्या पाट्या उघडपणे लागत. १९५८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर जमावाने हल्ले केले. फेनर ब्रॉकवे हे मजूर पक्षाचे सभासद १९५६ पासून पार्लमेंटात वर्णभेदविरोधी विधेयक पुनःपुन्हा मांडीत राहिले आणि पार्लमेंट ते पुनःपुन्हा बाजूस सारीत राहिले.

१९६३ मध्ये ब्रिस्टल शहरातील बस कंपनी गाडीवर काळे अथवा आशियाई कामगार घेत नाही, म्हणून तेथील लोकांनी बसवर बहिष्कार घातला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही बंदी एकट्या मालकाची नव्हती. गोऱ्या कामगारांच्या युनियनचाही तीस पाठिंबा होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांस मज्जाव होता आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे धसास लावला, हा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ब्रिस्टलच्या युनियनचे नवल वाटणार नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने माघार घेतली, आणि पुढील महिन्यात जो पहिला बिगर-गोरा कंडक्टर तेथे लागला तो एक शीख गृहस्थ होता.

अखेरीस १९६५ चा रेस रिलेशन्स ॲक्ट आला. तो किती तोकडा होता हे पाहावे. हॉटेल, नाटकगृह, बस यांसारख्या सार्वजनिक स्थळी वर्णावरून मज्जाव करणे त्याने बेकायदा ठरविले. पण नोकरी व घर या दोहोंस तो शिवलाही नाही. म्हणजे काळ्या मनुष्यास उपाहारगृहात चहा मिळावा, परंतु चहाचे पैसे मिळविण्याचे काम आणि चहा पिऊन झोपण्यास जावयाची खोली ही त्याच्या नशिबावर सोडावी! कायदा वाढविण्याची मागणी होताच ठरलेले उत्तर आले: भेदभाव असेल तर तुरळक आहे, माणसे नवीन आहेत, त्यांस भाषा येत नाही, कसब नाही, काळ जाऊ द्या, सर्व सुरळीत होईल.

या उत्तरास वादविवादाने जिंकता आले नसते. ते जिंकले एका चौकशीने. रेस रिलेशन्स बोर्ड व राष्ट्रकुलातील आगंतुकांसाठी नेमलेली राष्ट्रीय समिती यांच्या सांगण्यावरून 'पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग' या स्वतंत्र संशोधनसंस्थेने १९६६-६७ मध्ये एक पाहणी केली. तिची रीत सोपी, पण वकिलालाही हेवा वाटावा अशी होती. एकाच नोकरीसाठी, एकाच खोलीसाठी, मोटारीच्या एकाच विम्यासाठी तीन माणसे पाठवावयाची: एक गोरा इंग्रज, एक कृष्णवर्णीय अथवा आशियाई, आणि एक गोरा हंगेरियन. तिघांची पात्रता सारखीच.

हंगेरियन कशासाठी? सारे मर्म तेथेच आहे. परदेशीपणा, बोलण्याची ढब आणि नवखेपणा या सबबी काळ्या मनुष्याविरुद्ध जशा पुढे करता येतात तशाच हंगेरियनाविरुद्धही येतात. दोघांनाही सारखेच नाकारले गेले असते, तर कारण परकेपणा आहे असे मानावे लागले असते. प्रत्यक्षात हंगेरियनास थोडासा त्रास झाला व काळ्या उमेदवारास फारच मोठा झाला. दोघांमध्ये उरलेला फरक कातडीचा होता; दुसरे काही शिल्लकच ठेवलेले नव्हते. सबब एकेक करून वजा करीत जाणे आणि शेवटी उघडे पडलेले कारण दाखविणे, यास आम्ही पुरावा म्हणतो.

त्या पाहणीतील आणखी दोन निष्कर्ष आमच्या मते याहूनही महत्त्वाचे आहेत. आगंतुकांपैकी ज्यांचे शिक्षण अधिक व ज्यांची इंग्रजी चांगली, त्यांच्या वाट्यास भेदभावाचा अनुभव कमी नव्हे, उलट अधिक आला होता. कारण ते आपल्या योग्यतेच्या जागा मागण्यास गेले. आणि ज्यांनी भेदभाव अनुभवला नाही असे सांगितले, त्यांतील पुष्कळांनी अपमानाच्या भयाने मागणीच केलेली नव्हती. "तक्रार नाही, म्हणजे अन्याय नाही" असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे दुसरे वाक्य दोनदा वाचावे.

हा अहवाल एप्रिल १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६८ च्या कायद्याने नोकरी व घर यांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. मात्र त्याच वर्षी, त्याच मजूर पक्षाच्या सरकारने केनियातून येऊ पाहणाऱ्या आशियाई लोकांचा मार्ग रोखणारा दुसरा कायदा मोठ्या घाईने संमत केला, आणि एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे आपले कुप्रसिद्ध भाषण केले. वातावरण असे तापले असता जिम रोज हे संपादक व अँथनी लेस्टर हे बॅरिस्टर या दोघांनी रनिमीड ट्रस्टची स्थापना केली. १२१५ मध्ये राजा जॉनने मॅग्ना कार्टावर मोहर उमटविली त्या कुरणाचे हे नाव. वंशविषयक प्रश्नावर वर्तमानपत्रे, पार्लमेंट व सरकार यांना खऱ्या हकिकती पुरवाव्यात, आणि त्या आधाराने धोरण बदलावे, असा तिचा हेतू होता. सभा भरविणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. आकडे जमवून, तपासून, ते कायदेमंडळाच्या दारी नेऊन ठेवणाऱ्या संस्था विरळा.

१९६८ च्या कायद्यातही एक खोट राहिलीच होती. पीडित मनुष्यास स्वतः न्यायालयात जाता येत नसे. त्याने बोर्डाकडे जावे आणि बोर्डाने सलोखा करून पाहावा. शिवाय खिडकीतील पाट्या उतरल्या तरी त्यांवरील मजकूर मालकांच्या मनात शाबूत होता. १९७४ च्या अखेरीस गृहमंत्री रॉय जेन्किन्स व त्यांचे सल्लागार झालेले लेस्टर अमेरिकेस गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ड्यूक पॉवर कंपनीविरुद्धच्या खटल्यात दिलेला निर्णय त्यांनी अभ्यासिला. त्या कंपनीने साध्या कामासाठीही शालान्त प्रमाणपत्र व परीक्षा अशी अट घातली होती. अट सर्वांस सारखीच. पण उत्तर कॅरोलिनात पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत कोंडलेल्या काळ्या मजुरांस ती सर्वाधिक नडे, आणि कामाशी तर तिचा संबंध नव्हता. न्यायालयाने म्हटले की, हेतू कसाही असो, परिणाम पाहिला पाहिजे. हेच तत्त्व 'अप्रत्यक्ष भेदभाव' या नावाने १९७६ च्या ब्रिटिश कायद्यात आले, व पीडितास थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला.

अप्रत्यक्ष भेदभावाच्या या कल्पनेचे मोल सामान्य वाचकास चटकन कळणार नाही, म्हणून एक खटला सांगतो. बर्मिंगहॅमच्या एका खाजगी शाळेने एका शीख मुलास सांगितले की, केस काप व पगडी उतरव, म्हणजे प्रवेश मिळेल. नियम सर्व मुलांना सारखाच होता. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने शाळेचा पक्ष उचलून धरला. परंतु १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय फिरविला. पगडी हाताने उतरविता येते हे खरे; पण आपल्या समाजाच्या रीतीस धरून राहून ती उतरविता येते काय, हा खरा प्रश्न, असे तेथे ठरले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, शीख हा जीवशास्त्राच्या अर्थाने निराळा वंश नसला तरी दीर्घ व समान इतिहास आणि स्वतःची परंपरा असलेला समाज म्हणून कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे, असे न्यायाधीशांनी मानले. रक्ताची तपासणी तेथे कोणी केली नाही. हा मुद्दा पुढे आपल्याच लोकांच्या कामी यावयाचा होता.

मोजणीचा प्रश्नही असाच वादाचा झाला. १९८१ च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न विचारण्याचे घाटत होते. १९७९ मध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात त्याची चाचणी झाली तेव्हा अल्पसंख्याकांनीच तीस विरोध केला. त्यांचे भय निराधार नव्हते. राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा तयार होत होता, आणि जो हात मोजतो तोच हाकलून देतो की काय, असे त्यांस वाटले. प्रश्न गाळला गेला व १९९१ मध्येच प्रथम विचारला गेला. मोजणी आमच्या मते आवश्यकच आहे. पण ज्याची मोजणी व्हावयाची त्याने ती कोणासाठी हे विचारणे, यात काहीएक गैर नाही. विंड्रशच्या पिढीतील म्हाताऱ्या माणसांना पुढे बेकायदा रहिवासी ठरवून छळण्यात आले व २०१८ मध्ये ते प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कळले की त्यांच्या आगमनाची साक्ष देणारी जहाजाच्या उतारूंची कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट करून टाकली होती. सरकारच्या कपाटातील पुरावा सरकारच्या मर्जीवर जगतो. स्वतंत्र संस्थेची गरज येथे दिसते.

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ मध्ये खून झाला, पोलिसांनी तपासाची हेळसांड केली, आणि १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीसदलात 'संस्थागत वर्णद्वेष' असल्याचे सांगितले. ही हकिकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यानंतरच्या २००० च्या कायद्याने पोलिसांस कक्षेत आणले, व भेदभाव नाहीसा करण्याचे कर्तव्य सार्वजनिक संस्थांवरच टाकले. २००३ पासून तर पुराव्याचे ओझेही सरकले. फिर्यादीने सकृद्दर्शनी संशयास जागा दाखविली की, आपल्या वर्तनाचे निर्दोष कारण प्रतिवादीने द्यावयाचे. लेखाच्या आरंभी आम्ही जी अडचण सांगितली तिची ही वैधानिक सोडवणूक होय, आणि सदतीस वर्षांपूर्वीच्या एका पाहणीने तिचा पाया घातला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रोग गेला असे मात्र नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीत सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी मालकांस धाडण्यात आले. इंग्रजी नावास एक अनुकूल उत्तर येण्यास ९ अर्ज लागले. आफ्रिकी वा आशियाई नावास १६. जेथे ठराविक नमुन्याचे छापील अर्ज होते अशा सरकारी नोकऱ्यांत मात्र हा फरक नगण्य होता. आपल्याकडे प्रा. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी हीच रीत वापरून २००७ मध्ये दाखविले की, खाजगी कंपन्यांकडून सवर्ण हिंदू नावास मुलाखतीचे बोलावणे येण्याचा जो संभव, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश दलित नावास आणि एक-तृतीयांश मुस्लिम नावास असतो. 'गुणवत्ता' हा शब्द उठता-बसता उच्चारणाऱ्यांनी त्या निबंधास काय उत्तर दिले, हे आमच्या अद्याप वाचनात आलेले नाही.

सत्य सांगणारास सर्वत्र शिव्याच मिळतात. गुजरातेत जन्मलेले विद्वान भिखू पारेख यांच्या अध्यक्षतेखाली रनिमीड ट्रस्टने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००० मध्ये निघाला, तेव्हा 'ब्रिटिश' या शब्दालाच वर्णद्वेषी म्हटले असा विपर्यास करून वृत्तपत्रांनी काहूर माजविले. २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या दुसऱ्या आयोगाने व्यवस्था अल्पसंख्याकांविरुद्ध मुद्दाम रचलेली उरली नाही असे अनुमान काढले व रनिमीडने त्यावर कडक टीका केली. असो.

आता जातीचा प्रश्न. माणसे सातासमुद्रापार गेली तशी जातही पासपोर्टावाचून गेली. २०१० च्या समता कायद्यात 'वंश' या संज्ञेत जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यास देण्यात आला. त्याच वर्षी सरकारनेच करविलेल्या संशोधनात नोकरी, सेवा व शिक्षण यांत जातीवरून भेदभाव व छळ होत असल्याचे आढळले. २०१३ मध्ये पार्लमेंटने "करू शकेल" या शब्दांच्या जागी "केलेच पाहिजे" असे शब्द घातले. येथवर सर्व काही १९६७-६८ च्या क्रमानेच घडले: प्रथम संशोधन, मग कायदा. पुढे मात्र गाडी अडली. २०१७ मध्ये सरकारने लोकमत मागविले; १६ हजारांहून अधिक उत्तरे आली, आणि नवे कलम नको असे म्हणणारेच अधिक भरले. २०१८ च्या जुलैत सरकारने जाहीर केले की, कायदा करावयाचा नाही. न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत.

हे निर्णय कोणते? बिहारमधून मोलकरीण म्हणून इंग्लंडात नेलेल्या एका आदिवासी स्त्रीचा खटला हा त्यांतील मुख्य. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले की, जात ही कित्येक प्रसंगी 'वांशिक मूळ' या शब्दांत येऊ शकते, आणि त्यासाठी शिखांच्या त्या १९८३ च्या निर्णयाचा आधार घेतला. २०१५ मध्ये तिला बुडालेल्या मजुरीपोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा हुकूम झाला. तिच्या धैर्यास आमचा प्रणाम. परंतु "येऊ शकते" या शब्दांवर एखाद्या समाजाचे संरक्षण उभे करणे म्हणजे प्रत्येक पीडिताने नव्याने खटला लढवून आपण कायद्याच्या कक्षेत आहो हे आधी सिद्ध करावे, असे सांगणे होय. वर्षानुवर्षे हलविलेले ओझे पुन्हा सर्वांत दुबळ्या खांद्यावर आले. शिवाय हक्कांचा निवाडा आलेल्या पत्रांच्या संख्येवर करावयाचा असता, तर १९६८ मध्ये, पॉवेल यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी-कामगार मोर्चे काढीत असता, कोणता कायदा झाला असता?

या कायद्याच्या विरोधकांनी बाबासाहेबांचाही आधार घेतला, हे विशेष! जात म्हणजे वंश नव्हे, असे त्यांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये प्रतिपादिले आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये शरीरमापनाच्या आधारे पुन्हा सिद्ध केले, हे सर्वस्वी खरे आहे. परंतु तो सिद्धान्त जातीस नैसर्गिक पाया नाही हे दाखविण्यासाठी होता, जातीने पीडिलेल्यास संरक्षण नाकारण्यासाठी नव्हता. आज वंशाला तरी शास्त्रात कोणता भक्कम पाया उरला आहे? कायदा वंशाचे अस्तित्व मानतो म्हणून त्याची बंदी करीत नाही. दुसरा मनुष्य ते मानून अन्याय करतो म्हणून करतो. आणि आंतरराष्ट्रीय कराराचे म्हणाल, तर १९६५ च्या वंशभेदविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्द घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधींनी केली होती. पुढे त्याच भारत सरकारने त्या शब्दात जात येत नाही असा पवित्रा घेतला, व संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये जात त्यात येते असे स्पष्ट केले.

आपल्या घरी तरी काय आहे? संविधानाच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे व पाणवठे खुले केले, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण खाजगी नोकरी व भाड्याचे घर यांतील मूक नकारासाठी सर्वसाधारण कायदा नाही. त्या बाबतीत आपण ब्रिटनच्या १९६५ सालीच उभे आहोत. गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व एकाच समाजापुरते राखून ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरविला. समान संधी आयोगाचा आराखडा प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये सादर केला. तो आयोग आला नाही. पुढील जनगणनेत जातींची नोंद होणार असे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे. ती नोंद प्रसिद्ध कोणत्या स्वरूपात होते, तपशील संशोधकांच्या हाती पडतो की कपाटात राहतो, यावर आपल्या संस्थांनी आतापासून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेविले पाहिजे.

दरम्यान सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. पुणे, नागपूर, मुंबई, औरंगाबाद येथील विधी महाविद्यालयांतून आपले शेकडो विद्यार्थी आहेत. एकाच जाहिरातीतील एकाच घरासाठी सारख्याच पगाराचे, सारख्याच बोलीचे तिघे जण पाठवावेत. आडनावे निराळी असावीत, आणि तिघांत एक परप्रांतीय सवर्ण जरूर असावा; हंगेरियनाची जागा त्याची. कोणास काय उत्तर मिळाले ते तारीखवार, त्याच दिवशी, सहीनिशी लिहून ठेवावे. अशी पाचशे घरांची वही तयार झाली, तर ती घेऊन विधिमंडळापुढे जाण्यास आम्ही आमच्या व्यवसायबंधूंसह सिद्ध आहो.